नवव्या हौदातलं जास्तीचं एक

त्या सोमवारी आप्पाराव बीडला गेले ते मासे बघायला नव्हे, डोळे दाखवायला. मासे हा प्रकार त्यांच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता. शिरूर कासारच्या माळावर मेंढरं राखण्यात ज्याची सदुसष्ट वर्षं गेली, ज्याच्या वस्तीवर टँकरचा भोंगा वाजला की बायामाणसं चपला तशाच टाकून कळशी घेऊन पळतात, त्यानं पाण्यात राहणाऱ्या जनावरांचा विचार करावा तरी कशाला? पण घडायचं ते माशांच्याच घरात घडलं, आणि तेही भर दुपारी. तेव्हा जरा सरकून बसा, आणि दिव्याची वात थोडी मोठी करा.

आप्पारावांना उभ्या जन्मात एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे मोजणीचा. दिवस मावळायला मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरायला लागली की आप्पाराव तिच्या तोंडाशी काठी टेकून उभे राहायचे आणि जोडीजोडीनं मोजायचे. दहा जोड्या आत गेल्या की एक बोट मिटायचं. तो झाला एक इसा, म्हणजे वीस. तीन बोटं मिटली आणि वर एक उरलं की त्यांचा दिवस संपला. तीन इसा न् एक. साठ घरची, आणि एकसष्टावी पाव्हणी.

पाव्हणी म्हणजे दोन वर्षांपूर्वी दिवे लावायच्या वेळेला कुठूनशी येऊन कळपात घुसलेली मेंढी. वस्तीवरची रीत अशी, की तिन्हीसांजेला कळपात आलेलं जनावर हाकलायचं नाही. त्याला पाणी दाखवायचं आणि नऊ दिवस मालकाची वाट बघायची. मालक आला तर त्याच्या हाती द्यायचं. नाही आला, किंवा आला आणि नको म्हणाला, तर हळद लावायची आणि म्हणायचं, आजपासून तू घरचं. एकदा म्हटलं की म्हटलं, त्यात पुन्हा बदल नाही. पाव्हणीला हळद लागली आणि ती एकसष्टावी झाली.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात महिन्यापूर्वी भुरी नावाच्या मेंढीनं घात केला. आप्पारावांनी छातीवर हात मारून 'तीन इसा न् एक' सांगितलं, आणि तासाभरानं सून संगीता भुरीला शेजारच्या ज्वारीतून कान धरून घेऊन आली.

"मोजल्यावर गेली ती," आप्पाराव म्हणाले.

"मोजताना नव्हतीच ती," मुलगा रामेश्वर म्हणाला.

या दोन वाक्यांवर त्या घरात महिनाभर भांडण चाललं. रामेश्वरला चौसाळ्याला हायवेवर चहाचं हॉटेल टाकायचं होतं. त्यासाठी मेंढरं विकायची होती, आणि भुरीनं त्याला आयतं निमित्त दिलं. आबांना दिसत नाही, आबांना मोजता येत नाही, उद्या लांडगा अर्धा कळप नेईल आणि आबा तीन इसा न् एकच म्हणत बसतील, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. आप्पाराव ऐकायचे. मेंढरं गेली तर आपण सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. ती भीती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, बायकोला, साखराबाईलासुद्धा नाही.

म्हणून रामेश्वर आणि साखराबाईबरोबर ते निमूट बीडला आले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकले, अर्धा तास बसवलं, यंत्राला हनुवटी लावून इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाल्या, "आजोबा, मोतीबिंदू नाही, काही नाही. तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. फक्त थेंबांचा अंमल उतरेपर्यंत तीन तास उन्हात फिरू नका."

आप्पारावांनी मुलाकडं असं बघितलं, की थेंब टाकलेल्या डोळ्यांतूनही अर्थ पोचला. रामेश्वरचं तोंड एवढंसं झालं. पण हॉटेल टाकायला निघालेला माणूस एवढ्यानं मागं हटत नाही.

"डोळं चांगलं हायत," तो बाहेर येऊन म्हणाला, "म्हंजे दोष डोक्यात हाय."

"बापाच्या डोक्यात असंल तर तुज्यातबी उतरला असंल," साखराबाई म्हणाली.

"माय, तू मधी बोलू नको. आबा, एक काम करू. गुरुवारी राधाकिशन शेठ येनार हायत मेंढरं बघाया. त्यांच्या म्होरं मोजा. तुमी मोजा, मंग त्ये मोजतील. आकडा जुळला तर मी हाटेलाचं नाव काढनार न्हाई. न्हाई जुळला तर कळप शेठचा."

"जुळंल," आप्पाराव म्हणाले. भर रस्त्यात, डोळ्यांवर पटक्याचा शेव धरून त्यांनी शब्द दिला.

आता तीन तास काढायचे कुठं? दवाखान्यासमोरच जुनं मछलीघर होतं. निजामाच्या काळात एका हौशी तालुकदारानं ते बांधलं. त्याला समुद्राचा भारी सोस, समुद्र मात्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. जाड दगडी भिंती, आत ओळीनं नऊ कमानी आणि प्रत्येक कमानीत काचेचा एकेक हौद. त्या काचा म्हणे बैलगाड्यांतून, कडब्यात गुंडाळून आणल्या. वाटेत एकही फुटली नाही, आणि ज्यांनी तो रस्ता पाहिला होता ते मरेपर्यंत त्याचं नवल करत होते.

"आत गार असतंय, अंधार असतोय," रामेश्वर म्हणाला. "तुमच्या डोळ्याला बरं."

दारात सुंदरराव नावाचा म्हातारा राखणदार बसला होता. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि याच्या अंगात स्वेटर. त्यानं वही पुढं सरकवली आणि रामेश्वरनं तिच्यात नाव, गाव लिहिलं.

"आठ हौद बघा," सुंदरराव म्हणाला. "नवव्याकडं जाऊ नका, रिकामाय."

"रिकामा हाय तर जाऊ नका कावून?" आप्पारावांनी विचारलं.

सुंदररावनं वही मिटली आणि स्वेटरची वरची गुंडी लावली.

आत पाय टाकला तसं ऊन, रस्ता, रिक्षांचे भोंगे, सगळं मागं राहिलं. हिरवट उजेड होता, विहिरीच्या तळाशी असतो तसा. ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा वास येत होता. कुठंतरी भिंतीआड मोटर घरघरत होती आणि पाण्यात बुडबुडे सुटत होते, बुडुक... बुडुक... त्या आवाजाला धरून चालावं असं वाटत होतं. आणखी तीनचार माणसं होती, पण ती पुढं कुठंतरी कुजबुजत होती आणि शब्द समजत नव्हते.

साखराबाई पहिल्याच काचेपुढं खिळून उभी राहिली.

"आवो, ही समदी सारखी तोंड उघडत्यात. तहानल्यात वाटतं."

"माय, पाण्यातच हायत ती!"

"असूं दे की. आपल्या वस्तीवरबी नळ हाय. पानी हाय का त्याला?"



थेंबांमुळं आप्पारावांना जवळचं थोडं पुसट दिसत होतं, पण कळपाला हातभर अंतरावरून बघायचं नसतंच. ते चार पावलं मागं सरले, काठी टेकली, आणि हात आपोआप वर आला. लाल, सोनेरी, काळे, लांब शेपटीचे, पट्टेवाले, त्यांचं मोजणं सुरू झालं. हलत्या जनावराला मोजायची एक रीत असते. जनावरामागं डोळा पळवायचा नाही, डोळा एका जागी ठेवायचा आणि जनावराला त्याच्यापुढून जाऊ द्यायचं. आठ हौद होईपर्यंत त्यांनी सात बोटं मिटली.

"सात इसा न् तीन," ते म्हणाले.

मागून सुंदररावचा आवाज आला. "एकशे त्रेचाळीस... बरोबर आले तुम्हाला?"

"बरोबर न् चूक काय त्यात? हायत तेवढं आलं." आप्पारावांनी मान वळवली. शेवटची कमान इतरांपेक्षा काळोखात होती. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, तळाला वाळू, आणि बाकी काही नाही. आप्पारावांनी डोळा एका जागी ठेवला. वाट बघितली. "न् हितं एक."

"तिथं काही नाही, पाव्हणं."

"हाय की. एक."

"मोजू नका त्याला..." सुंदरराव जवळ आला होता. त्याचा श्वास लागला होता. "मोजलं की मग ते..."

आणि लाइट गेली.

मोटर थांबली. बुडबुडे थांबले. अशी शांतता पडली, की पाण्याचं वजन काचेवर पडलेलं जाणवावं. कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. कुणाचा तरी हात भिंतीवरून फिरला. साखराबाईनं हाक मारली, "आवो... कुठं हाव?"

आता मेंढक्या माणसाच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते. अंधार पडला की कळप जवळ घ्यायचा. पाऊस आला, वावटळ आली, लांडग्याची चाहूल लागली, तरी आधी हाक. त्याचा विचार करावा लागत नाही. आप्पारावांनी काठी दोनदा दगडावर आपटली आणि त्या दगडी कमानींखाली, भर शहरात, मोठ्यानं हाक घातली, "ह्यॅऽऽ हुर्र हुर्र हुर्र! या गं या! मागं ऱ्हाऊ नगा कुनी!"

हाक नऊ कमानींतून फिरून परत आली.

मग त्यांच्या गुडघ्याला काहीतरी टेकलं. ओलं होतं, गार होतं. दिवसभराच्या चालीनं थकलेलं कोकरू येऊन टेकतं ना, तसं अगदी विश्वासानं. आप्पारावांचा हात सवयीनं खाली गेला, आणि मधेच थांबला.

"साखरे," ते हळूच म्हणाले, "तू माज्या डाव्या अंगाला हाईस का?"

"मी हितं लांब हाय... दाराकडं..."

लाइट आली. मोटर घरघरली. रामेश्वर भिंतीला धरून पोट दाबून हसत होता. "आबांनी माशांला हाक मारली! माशांला! राधाकिशन शेठला सांगतो, हौदबी घ्या म्हनावं!" ती तीनचार माणसंही हसत होती. साखराबाईसुद्धा पदरात हसली.

एकटा सुंदरराव हसत नव्हता. तो नवव्या काचेकडं टॉर्च धरून उभा होता. आप्पारावांनीही बघितलं. डोळा एका जागी ठेवला, पुष्कळ वाट बघितली. आत काहीही नव्हतं. खाली बघितलं तर धोतर गुडघ्यापाशी चिंब ओलं.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं घंटी मारायच्या आधी माणसं मोजली. मग हातातल्या यंत्राकडं बघितलं. परत मोजली.

"तिकिटं एक्केचाळीस, माणसं बेचाळीस. कोण राहिलंय बे? काढा तिकीट."

कुणी हललं नाही. कंडक्टर पुढून मागं एकेकाचं तिकीट बघत गेला. प्रत्येकाकडं तिकीट होतं. मागून पुढं आला, तरी प्रत्येकाकडं होतं. एक्केचाळीस तिकिटं हातानं मोजली, बेचाळीस मुंडकी बोटानं मोजली, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. एक बाई म्हणाली, "आवो, तुमचंच सवताचं धरलं असंल." ते त्याला पटल्यासारखं झालं. स्वतःला धरलं नव्हतं हे त्याला माहीत होतं, पण गाडी अर्धा तास उभी होती आणि लोक शिव्या द्यायला लागले होते. त्यानं घंटी मारली.

आप्पाराव खिडकीशी बसून होते. गाडीत शेवाळाचा वास होता. त्यांनी बेचाळीसच मोजली होती, आणि हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

वस्तीवर पोचले तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. संगीता मेंढरं घेऊन नुकतीच आली होती. आप्पारावांनी काठी टेकली, जोड्या सोडल्या, तीन बोटं मिटली. वर एक उरलं. आणि आणखी एक.

"मामा, परत मोजताव का?" संगीतानं विचारलं.

"न्हाई," आप्पाराव म्हणाले.  थोड्या वेळानं ते घरात गेले, पितळी भरून पाणी आणलं आणि वाघरीच्या तोंडाशी ठेवलं. साखराबाईनं ते बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात पितळीभर पाणी कधी ठेवायचं असतं हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"कुनाचं हाय?" तिनं विचारलं.

"ठावं न्हाई."

"कंचं हाय?"

"तेबी ठावं न्हाई."

खरी पंचाईत तीच होती. आप्पाराव कंदील घेऊन एकेकीच्या तोंडासमोर गेले. काळतोंडी, बोडकी, कानफाटी, लंगडी, भुरी, पाव्हणी... प्रत्येक तोंड ओळखीचं. प्रत्येकीचं नाव घेतलं, प्रत्येकीनं कान हलवला. नावं एकसष्ट झाली आणि कळप संपला. परक्या तोंडाची एकही नव्हती. मग काठी टेकून मोजली, तर बासष्ट. सकाळी पितळी कोरडी होती आणि तिच्या तळाला हिरवं शेवाळ धरलं होतं. त्या माळावर शेवाळ कुणी बघितलंच नव्हतं. साखराबाईनं राखेनं घासून काढलं आणि संध्याकाळी पुन्हा पाणी भरून ठेवलं.

गुरुवार उजाडला. राधाकिशन शेठ मोटरसायकलवरून आले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या, चहा घेतला. रामेश्वरनं शेजारच्या चार माणसांना साक्षीला बोलावून ठेवलं होतं. मेंढरं बाहेर काढून परत आत सोडायची ठरली.

आप्पाराव वाघरीच्या तोंडाशी काठी टेकून उभे राहिले. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं की मेंढरं एकसष्ट आहेत. शेठलाही तेवढीच आली, तर एकसष्ट म्हटलं की कळप वाचला. नुसतं सवयीनं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आजवर त्यांच्या तोंडून न मोजलेला आकडा गेला नव्हता. जोड्या आत गेल्या. तीन बोटं मिटली. त्यांनी बायकोकडं बघितलं. साखराबाईनं मान खाली घातली होती.

"तीन इसा..." ते म्हणाले, "न् दोन."

साक्षीदारांत हशा पिकला. रामेश्वर हसला नाही. त्याला जिंकल्यावर वाटायला हवं होतं तसं काही वाटलं नाही. बापाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "जाऊ द्या आबा. झालं. शेठ, मोजा तुमी."

राधाकिशन शेठनी मोजलं आणि चष्मा पुसला. परत मोजलं. "बासष्ट," ते म्हणाले.

"एकसष्ट हायत शेठ."

"मंग तू मोज."

रामेश्वरनं मोजली. मग साक्षीदारांनी एकेकानं मोजली. प्रत्येकजण मोजून यायचा आणि बासष्ट म्हणायचा. हशा केव्हाच विरला होता. शेवटी शेठ म्हणाले, "एक कुनाचं तरी चुकून आलं असंल. तेवढं बाजूला काढा, बाकीचं मी घितो." आणि संगीता एकेकीचं नाव घेऊन एकेक मेंढी बाजूला काढायला लागली. एकसष्ट नावं झाली. वाघरीत काही उरलं नव्हतं. बाहेर काढलेली मोजली, तर बासष्ट.

राधाकिशन शेठ बराच वेळ त्या मेंढरांकडं बघत राहिले. मेंढरंही त्यांच्याकडं बघत होती.

"ह्यातलं एक..." शेठ हळू आवाजात म्हणाले, "ह्यातलं एक डोळं मिटीत न्हाई..."

"कंचं?"

"त्येच तर कळंना." शेठनी मोटरसायकलला किक मारली. चष्मा ओट्यावरच राहिला आणि तो न्यायला ते आजतागायत आलेले नाहीत.

त्या संध्याकाळी रामेश्वर बापाजवळ येऊन बसला. बराच वेळ मातीत रेघोट्या ओढल्या. मग म्हणाला, "आबा, मी हाटेलाचं नाव काढनार न्हाई. तुमची मोजनी बरूबर हाय." आप्पारावांना वाटलं, हेच ऐकायला आपण महिनाभर थांबलो होतो. त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यात कुणी थेंब टाकले नव्हते.

नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, फाट्यावरून एक म्हातारा चालत आला. सुंदरराव. अंगात स्वेटर नव्हता आणि हातात पेढ्यांचा पुडा होता.

"वहीत पत्ता होता म्हणून सापडलात," तो बसत म्हणाला. "पाव्हणं, एकतीस वर्षं मी तिथं संध्याकाळी मासे मोजतो. एकतीस वर्षं एक जास्त यायचा. साहेबांना सांगितलं, त्यांनी मला वेड्यात काढलं. नवीन साहेब आले, त्यांनीही काढलं. बायकोनं देवऋषी केला. माझ्याआधीच्या राखणदारालाही जास्तच यायचा म्हणे. तो नोकरी सोडून गेला आणि जाताना मला एवढंच म्हणाला, नवव्याला मोजू नको, हाक तर मुळीच मारू नको." त्यानं पुडा सोडला. "तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून माझी मोजणी बरोबर येतीय. झोप लागतीय. थंडी वाजत नाही. घ्या, पेढा घ्या."

"मालक तुमी," आप्पाराव म्हणाले. "रीत हाय आमची. आलात, तर घिऊन जा."

सुंदरराव असा उठला की पेढे सांडले. "पाया पडतो तुमच्या. नको. दिलं. तुमचंच झालं ते!" आणि चारच्या गाडीला दीड तास अवकाश असताना तो फाट्याकडं जवळजवळ पळतच गेला.

मालक आला होता आणि नको म्हणाला होता. आता रीतीप्रमाणं एकच गोष्ट उरली होती. रामेश्वर म्हणाला, "माय, न्हाई लावली हळद तर?" साखराबाई म्हणाली, "नऊ दिस त्येनं आपलं पानी पिलं. आता लावायची न्हाई म्हनून कसं चालंल?" पण लावायची कुणाला? तिनं तांब्याभर पाण्यात हळद कालवली आणि वाघरीच्या मधोमध उभी राहून चारी दिशांना शिंपडली. मेंढरांवर उडाली, कुंपणावर उडाली, जवळ उभ्या असलेल्या नवऱ्यावर, मुलावर, सुनेवर उडाली, तिच्या स्वतःच्या पातळावरही उडाली.

"ज्येचं त्येला लागंल," ती म्हणाली. "आजपास्नं तू घरचं."

दिवस मावळायला आप्पाराव तोंडाशी उभे राहिले. जोड्या आत गेल्या. तीन बोटं मिटली. वर एक उरलं. ते थांबून राहिले, मागं कुणीच नव्हतं. तीन इसा न् एक. रामेश्वरनं मोजली, एकसष्ट. संगीतानं मोजली, एकसष्ट. आप्पारावांनी पटका काढून आभाळाकडं बघितलं आणि मोठ्यानं हसले. नऊ दिवसांत ते हसले नव्हते.

"आज समदी संगं बसा जेवाया," साखराबाई म्हणाली. "मागं ऱ्हाऊ नगा कुनी."

चुलीपुढं कंदील ठेवला होता. बाजरीच्या भाकरी, पिठलं, कांदा. साखराबाईनं मोजून कधी ताटं मांडली नव्हती. समोर बघायचं आणि ज्याच्यापुढं ताट नाही त्याच्यापुढं ठेवायचं, एवढंच. सगळ्यांपुढं ठेवली, शेवटी स्वतःपुढं ठेवली आणि भाकरी वाढायला लागली. चार जणांच्या घरात प्रत्येकी दोन, म्हणून तिनं आठ केल्या होत्या. वाढता वाढता टोपली रिकामी झाली आणि एक ताट तसंच राहिलं.

"आत्याबाई," संगीता म्हणाली.  "ताटं पाच हायत."

"मंग एक उचल."

संगीतानं हात पुढं केला, आणि मागं घेतला. प्रत्येक ताटापुढं माणूस बसलं होतं.

 कंदिलाच्या उजेडात सगळे एकमेकांकडं बघत राहिले. प्रत्येक तोंड ओळखीचं होतं. प्रत्येकाच्या कपाळावर, खांद्यावर हळदीचे थेंब वाळलेले. साखराबाईनं हळूहळू नावं घेतली, नवऱ्याचं सोडून. मुलाचं घेतलं, सुनेचं घेतलं. प्रत्येकानं ओ दिली. नवरा धरून, ती स्वतः धरून चारच झाले, आणि सगळे आले.

मग आप्पारावांचा हात सवयीनं वर आला. माणसंही ते जोडीनंच मोजायचे. एक जोडी. दोन जोड्या. वर एक.

"आबा..." रामेश्वर म्हणाला. ज्या मुलानं महिनाभर बापाची मोजणी चुकते म्हणून वस्ती डोक्यावर घेतली होती, तो आता अगदी काकुळतीला आला होता. "चुकलं असंल, आबा. तुमचं वय झालंय... चुकलं म्हना ना..."

आप्पारावांनाही तसंच म्हणायचं होतं. आपली मोजणी चुकावी असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. त्यांनी डोळा एका जागी ठेवला आणि पुन्हा मोजलं.

"न्हाई रं," ते म्हणाले. "न्हाई चुकलं."

बाहेर मेंढरं गप्प होती. चुलीतला विस्तव फुटला तरी कुणी दचकलं नाही. शेवाळाचा बारीक वास येत होता, पण तो कुठून येतो हे वाकून बघायचं धाडस कुणात नव्हतं.

"पानी द्या की जरा," कुणीतरी म्हणालं.

आवाज घरचाच होता.